मामाजींचा क्लच

गाडी रुळांवर बंद पडली तेव्हा मामाजी मला म्हणाले, "तुझा नमस्कार झाला असंन तं आता वर पाह्य."

मी वर पाहिलं. उजव्या हाताला बाभळींच्या रांगेमागं धूर दिसत होता. रामटेककडून येणारी मँगनीजची मालगाडी. मागच्या सीटवर माझी धाकटी जाऊ सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचं मूल पोटात आडवं आलं होतं, गावच्या सुईणीनं सकाळभर खटपट करून हात टेकले होते, आणि नागपूरचा मोठा दवाखाना अजून तासाभराच्या वाटेवर होता. फाटकाला ना दांडा होता ना माणूस. वैशाखातली दुपार. गाडी बंद पडली ती माझ्यामुळं. माझा पाय मामाजींच्या पायाला लागला, मी नमस्काराला वाकले आणि वाकताना क्लचवरचा पाय उचलला गेला. हे वाचून कोणाला हसू आलं तर हसावं. आम्हीही पुढं पुष्कळ हसलो, पण त्या वेळी नाही.

माझे मामेसासरे, म्हणजे सासूबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, हे एक पाय निकामी असताना दोन पेडलांची गाडी मोडून तीन पेडलांची करून घेणारे जगातले एकमेव गृहस्थ असतील. दुसरा कोणी असला तर त्याच्या घरच्यांची मला दया येते. कामठीला त्यांची आरा मशीन, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, होती. तिथं एकदा सागाचा ओंडका घरंगळला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर बसला. तेव्हापासून तो पाय वाकायचं विसरला. खुर्चीवर बसले की पाय समोर सरळ, रस्त्यात बल्ली टाकावी तसा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला अडखळायचा. अडखळणाऱ्यालाच ते विचारत, "काहून गा, दिसत नाही का?" मशीनच्या आवाजानं कान अर्धे गेले होते, त्यामुळं ते कानात सांगायची गोष्टसुद्धा अशी सांगत की ती पार विहिरीपर्यंत ऐकू जाई. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. कन्हानच्या पुढं आमच्या गावी, आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते राहत, आणि दोन्ही वेळा आमच्या चुलीवरचं जेवत. जेवणाला कधी नाव ठेवलं नाही, कधी चांगलंही म्हटलं नाही. ताट रिकामं झालं की म्हणत, "झालं."

आपोआप चालणाऱ्या कोणत्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या नवऱ्यानं एकदा हौसेनं त्यांना घड्याळ आणलं. त्याला चावी द्यावी लागत नसे, हात हलला की ते चाले. मामाजींनी दोन दिवस घातलं आणि तिसऱ्या दिवशी परत केलं. म्हणाले, "मी हात हलवला का हे चालते, मी मेलो का हे थांबते. असं कोणाले आपल्या जिवाशी बांधून घ्यायचं नाही बाप्पा." सासूबाईंनी प्रेशर कुकर घेतला तेव्हा तर ते स्वयंपाकघराच्या दारात काठी घेऊन बसले. शिट्टी झाली की विचारत, ही कोणाला विचारून वाजली. शेवटी त्यांचा भात वेगळा गंजात, साध्या उघड्या पातेल्यात, शिजू लागला, म्हणजे मला काम वाढलं. मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे. पण भात गंजातच राहिला.

मला पाहायला आले तेव्हाही हेच गृहस्थ पुढं होते. बाकीच्यांनी नाव विचारलं, शाळा किती झाली ते विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मामाजींनी मला अंगणात चालून दाखवायला सांगितलं आणि माझ्या पायांकडं पाहत राहिले. माझे पाय मोठे आहेत. माझी आई त्यांच्यावर लुगड्याचा काठ ओढत असे. मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय चांगले आहेत. पोरगी पडणार नाही." लग्न त्यावर ठरलं असं मी म्हणत नाही, पण माझ्या पायांना चांगलं म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला, हे खरं.

आता अशा माणसानं आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतलीच कशी, तर नाइलाजानं. कामठीला जायला बस होती, पण बसमध्ये तो पाय मावत नसे. कंडक्टर दिवसातून दोनदा त्यावर पडे. ज्या वर्षी पेट्रोल एकदम महागलं त्या वर्षी मोठ्या गाड्या कोणी विचारीना, तेव्हा मौद्याकडच्या एका मालगुजाराच्या मुलांनी बापाची जुनी अमेरिकन गाडी काढली. भिजलेल्या मुगासारखा हिरवा रंग, आमच्या ओसरीएवढी लांब, पुढची सीट पलंगासारखी सलग. तिला दोनच पेडल होते, एक पळायचा आणि एक थांबायचा. डाव्या पायाला कामच नाही. मामाजींनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि गाडी घेतली. दोन महिने एकटेच कामठीला गेले आणि एकटेच आले. त्या दोन महिन्यांत त्यांचं बोलणंही कमी झालं. आम्हाला वाटलं, गाडीचा तोरा आहे.

मग एका संध्याकाळी गाडीचा गिअर गेला. पुढं जाणारं सगळं गेलं, फक्त मागं जाणारं उरलं. दुसरा कोणी गाडी तिथंच सोडून आला असता. मामाजी कन्हानच्या पुलाच्या अलीकडून आमच्या दारापर्यंत उलटे आले. मान मागं वळवलेली, मागं सायकलवाले, मुलं, दोन कुत्री, आणि हे खिडकीतून ओरडत होते की बाजूले व्हा, गाडी येऊन राहिली. गावात शिरल्यावर लोक नमस्कार करत होते, कारण मामाजींचं तोंड त्यांच्याकडं होतं. पुढं आठ दिवस मी त्यांची मान एरंडाचं तेल लावून शेकली.

नागपूरहून मिस्त्री आले. त्यांनी गाडीखाली शिरून पाहिलं आणि दोन वाटा सांगितल्या. कलकत्त्याहून तसाच ऑटोमॅटिक डबा मागवायचा, त्याला तीन महिने लागतील, पण मामाजींच्या पायाला तोच बरा. नाहीतर कामठीच्या लिलावात याच जातीची एक मोडकी गाडी आली होती, तिचा हातगिअरचा डबा उद्या बसवून देता येईल, पण त्याला क्लच आला. घरात सभा भरली. माझा नवरा म्हणाला ऑटोमॅटिक. दीर म्हणाले ऑटोमॅटिक. सासूबाई म्हणाल्या, गाडी मोडीत घाला आणि म्हैस घ्या. मला कोणी विचारलं नाही, मी पोळ्या करत होते. मामाजींनी विचारलं. मी सांगितलं की तुमचा पाय चालत नाही, त्यात विचार काय करायचा. ते म्हणाले, हो, बरोबर आहे.

तरी पंधरा दिवस त्यांचा विचार चालला. ते बसच्या ड्रायव्हरला विचारून आले, बंडीवाल्याला विचारून आले, ज्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला होता त्यांनाही विचारून आले. डॉक्टरांनी त्यांना पायाचा व्यायाम सांगून परत पाठवलं. बंडीवाला म्हणाला की कासरा हातात असला तर बैलाला कळतं कोण हाकतं आहे. हे मामाजींना फार पटलं. सोळाव्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना हातगिअर बसवायला सांगितलं. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "मामाजी, पाय एक, पेडल तीन. हिसाब कैसा जमंन?"

मामाजी म्हणाले, "दुसरा पाय घरचा वापरू."

म्हणजे काय ते आम्हाला गाडी आल्यावर कळलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली होता, तो ते हातानं ओढत. ब्रेक आणि पेट्रोल उजव्या पायानं. क्लचचा पेडल डाव्या कडेला होता, आणि सीट सलग असल्यानं शेजारी बसणाऱ्याचा पाय तिथवर पोचत होता. मामाजी "दाब" म्हणाले की त्यानं दाबायचं, "सोड" म्हणाले की सोडायचं. पहिला मान माझ्या नवऱ्याला मिळाला. तो शिकलेला, त्यामुळं "दाब" म्हटल्यावर आधी विचारायचा की आत्ता काहून. तोवर गाडी झाडापर्यंत पोचलेली असे. मग आरा मशीनचे मुनीम बसले. ते एकदा क्लच दाबूनच झोपले आणि गाडी उतारावरून पार नाल्यापर्यंत गेली. शेवटी एक दिवस कोणीच सापडेना, तेव्हा मामाजींनी मला हाक मारली. मी शिलाई मशीन पायानं चालवत असे. टाका कुठं घट्ट होतो, कुठं सैल, ते तळपायाला कळतं. क्लचही तसाच निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांना "सोड" म्हणावं लागलं नाही. आठ दिवसांनी "दाब"ही म्हणावं लागेना. कान अर्धे गेलेले, म्हणून ते मलाच विचारत, "आवाज कसा वाटते वं?" मी सांगायची, चढलाय, बदला. ते बदलत. त्या घरात मला तिखट किती टाकलं याखेरीज कोणी काही विचारत नव्हतं, आणि इथं एक अख्खी अमेरिकन गाडी माझ्या कानावर चालत होती. याचे मी त्यांचे उपकार मानते.

अडचण एकच होती. त्यांचा तो ताठ पाय क्लचच्या बाजूलाच पसरलेला असे आणि माझा पाय मोठा. दर दोन मैलांत एकदा तरी लागायचाच. सासऱ्याच्या नात्याच्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करावा लागतो, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मी डोक्यावरचा पदर सावरून वाकायची, त्यांच्या बुटाला हात लावायची आणि तो हात कपाळाला लावायची. तेवढ्यात गाडी दोन हिसके द्यायची. मामाजींनी आधी समजावलं, मग सांगितलं की दिवसाचे सगळे नमस्कार घरी पोचल्यावर एकदम कर. मी हो म्हणायची, आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाकायची. एकदा कंटाळून म्हणाले, "गाडीतली ऑटोमॅटिक काढली, तं सून ऑटोमॅटिक निघाली."

याच दिवसांत मी त्यांना विचारलं होतं की खरं सांगा, हा उपद्व्याप कशासाठी केला. ते सडकेकडं पाहत गाडी हाकत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "ते दोन महिने मी एकटाच फिरलो ना वं. गाडीले कोणी लागत नव्हतं. घरातून निघालो तं कोणी पाहत नव्हतं, आलो तं कोणी विचारत नव्हतं."

मी म्हणाले, तेवढ्यासाठी गिअर कशाला बदलायचा, बोलावलं असतं तर कोणीही आलं असतं.

"बोलावल्यानं कोण येते," मामाजी म्हणाले. "अडलं म्हणजे येते."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. चुलीपाशी माझी कामं पडून असायची आणि मी सडकेवर फिरत असायची, ती या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गाडीत जाऊन बसले.

तर त्या दुपारी नवरा आणि दीर दोघं खाणीवर होते. सुईणीनं नागपूर म्हटलं तेव्हा मामाजींनी लगेच गाडी काढली. जावेला मागं निजवलं. ती पोर एकोणीस वर्षांची होती. ओरडून ओरडून आता तिचा आवाज बसला होता, नुसती कण्हत होती. आमच्या गावातून मोठ्या सडकेला यायचं तर रूळ ओलांडावे लागत. रुळांपाशी चढ होता, तिथं गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी लागे. ती घेतली, पुढची चाकं रुळावर चढली, आणि माझा पाय त्यांच्या पायाला लागला. पुढचं सांगितलंच आहे.

मी क्लच दाबला. मामाजींनी सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरलं. उन्हानं पेट्रोल नळीतच उकळलं होतं, असं मिस्त्री नंतर म्हणाले. दुसऱ्यांदा मारला, तेच. आता शिट्टी ऐकू आली. मामाजींना ती ऐकू आली नाही, मी त्यांना बोटानं दाखवलं. मालगाडी भरलेली होती, तिला थांबवतो म्हटलं तरी कोस लागला असता. मागून सासूबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. आपल्या भावाला एवढंच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, म्हैस घे."

मामाजींनी मागं पाहिलं. जावेला उचलून खाली उतरवायला दोन धडधाकट माणसं लागली असती. तिथं एक म्हातारी, एक लंगडा आणि मी. मामाजी मला म्हणाले, "तू उतर. पळ."

मी म्हणाले, "क्लच कोण दाबंन?"

हे मी धीटपणानं म्हटलं नाही. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं. पण ते ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दांडा पहिल्या गिअरमध्ये घट्ट ओढला आणि म्हणाले, "क्लच नाही लागत आता. पाय काढ. काईच दाबू नको."

मी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन चालू झालं नाही, पण गाडी बेडकासारखी पुढं उडाली. हातभर. पुन्हा मारला, पुन्हा हातभर. बॅटरीच्या जोरावर ती एवढी मोठी गाडी खुरडत रूळ ओलांडू लागली. प्रत्येक हिसक्याला मागून जावेचं कण्हणं, आणि प्रत्येक वेळी बॅटरीचा आवाज आधीपेक्षा बारीक. मी मोजत नव्हते. माझं लक्ष त्यांच्या हाताकडं होतं. मागची चाकं दुसऱ्या रुळावरून खाली आपटली, गाडी उतारावर थोडी घरंगळली आणि तिथं बॅटरी मेली. मग मागून मालगाडी गेली. किती वेळ जात होती ते मला सांगता येणार नाही. काळी धूळ खिडक्यांतून आत आली आणि आम्हा सगळ्यांच्या अंगावर बसली.

तेंदूपत्ता घेऊन जाणाऱ्या पाच-सहा बाया पलीकडं उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी डोक्यावरची ओझी खाली ठेवली आणि काही न विचारता गाडीला मागून हात लावले. मामाजींनी दुसरा गिअर टाकला, मी क्लच दाबून धरला, गाडीनं वेग घेतल्यावर सोडला, इंजिननं धरलं. नागपूरपर्यंतच्या वाटेत दोनदा पाय लागला. मी वाकले नाही.

नंतर मिस्त्रींनी सांगितलं की ऑटोमॅटिक असती तर सेल्फ मारून चाक तसूभर हललं नसतं, सगळे तिथंच गेले असते. मामाजी हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. मी प्रत्येक वेळी म्हणायची, ऑटोमॅटिक असती तर क्लच नसता, माझा पाय तिथं गेला नसता, आणि गाडी रुळांवर बंदच पडली नसती. दोन्ही खरं आहे. हा वाद आमच्या घरात पुढं दहा वर्षं चालला. ते बाजेवर पडले तेव्हाही चालला. मी पेज भरवायची, ते दोन घोट घेऊन म्हणायचे, "पण सेल्फनं निघाली ना?" मी म्हणायची, "पण पडली कशानं?" शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलता येत नव्हतं. मी एकटीच दोन्हीकडून बोलत असे, कारण त्यांना ते ऐकायला आवडतं हे मला दिसत होतं. ते गेले, गाडी मोडीत गेली. माझ्याशी भांडायला घरात पुष्कळ माणसं होती, पण मला विचारून मग भांडणारं कोणी उरलं नाही.

त्या दिवशी चार वाजता आम्ही दवाखान्यात पोचलो. जावेचं पोट चिरावं लागलं. बाहेरच्या बाकावर सासूबाई, मामाजी आणि मी बसलो होतो, तिघंही कोळशातून काढल्यासारखे काळे. दिवे लागायच्या आत नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. मुलगी वाचली, जाऊ वाचली, आणि बाकावरचे आम्ही तिघंही वाचलो होतो.